पर्स्पेक्टिव्ह रूलर लावूनही चाळ वाकडी का दिसते?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नऊ वर्षांच्या एका मुलाची गोष्ट तू कॉमिक्समध्ये करतो आहेस आणि ती सगळी एका चाळीत घडते. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पर्स्पेक्टिव्हचे असिस्टंट (रेघांना दिशा देणाऱ्या पट्ट्या) लावून दोन चित्रं काढलीस, एक रस्त्यावरून दिसणारा चाळीचा कोपरा आणि दुसरं आतली लांब गॅलरी. प्रत्येक रेघ लोपबिंदूला, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूला, बरोबर जाते, तू दहा वेळा तपासलं आहेस. तरी पहिल्या चित्रात चाळ जहाजाच्या नाळेसारखी अंगावर येते. दुसऱ्यात दारं मोजून काढली असूनही गॅलरी मध्येच ताणल्यासारखी वाटते, आणि आजीचं काहीतरी चुकलंय पण काय ते कळत नाही. म्हणून तू विचारतोस: सॉफ्टवेअर बदलू, आयपॅड घेऊ, की पेन्सिल घेऊन पुन्हा शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या अभ्यासापासून सुरुवात करू?

आयपॅड घेऊ नकोस, निदान या कारणासाठी तरी. क्रिता फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. चूक तुझ्या रेघांतही नाही. चूक रेघ ओढायच्या आधी झाली आहे, आणि ती माझ्याकडूनही अनेक वर्षं होत होती.

मी नवीन असताना एका बालपुस्तकासाठी असंच चाळीचं चित्र केलं होतं, तेव्हा ड्रॉइंग बोर्डवर, टी-स्क्वेअर लावून. संपादकांनी चित्र हातात धरलं, जरा लांब नेलं, जवळ आणलं आणि विचारलं, “हे बघतोय कोण? आणि तो उभा कुठे आहे?” मला उत्तर देता आलं नाही. कोणीच बघत नव्हतं. मी कागदाच्या दोन कडांना दोन टाचण्या टोचल्या होत्या आणि त्यांना दोरा बांधून रेघा मारल्या होत्या. आज तू स्क्रीनवर तेच केलं आहेस.

यथार्थदर्शन, म्हणजेच पर्स्पेक्टिव्ह, हा शब्द आपल्याकडे शाळेच्या चित्रकलेतून येतो आणि ‘क्षितिजरेषा, लोपबिंदू, रेल्वेचे रूळ’ एवढ्यावर थांबतो. पण ज्या प्रयोगाने या विद्येची सुरुवात झाली असं मानतात, तो सगळा ‘डोळा कुठे’ याचाच होता. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र एका फळीवर काढलं आणि फळीला भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. म्हणजे डोळा एकच आणि त्याची जागाही एकच. १४३५ मध्ये अल्बेर्तीने ही रीत लिहून काढली. क्रितातला असिस्टंट काय किंवा क्लिप स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला पर्स्पेक्टिव्ह रूलर काय, हे सगळे त्या फळीचेच वंशज आहेत. फक्त त्यांच्यात भोक नाही. डोळा कुठे ठेवायचा ते तुला विचारलं जात नाही, म्हणून तूही स्वतःला विचारत नाहीस.

आता पहिलं चित्र. तुझा कॅनव्हास ३६०० पिक्सेल रुंद आहे. डावा लोपबिंदू मध्यापासून १५०० पिक्सेलवर आणि उजवा १८०० वर, म्हणजे अगदी कडेवर. हे मी फाइल उघडून मोजलं. या दोन आकड्यांवरून बघणारा माणूस चित्रापासून किती लांब आहे ते काढता येतं, आणि त्याला दहावीची भूमिती पुरते.

चाळीच्या दोन भिंती एकमेकींना काटकोनात आहेत. डोळ्यापासून लोपबिंदूकडे जाणारी रेघ ही त्या त्या भिंतीला समांतर असते, लोपबिंदूची व्याख्याच ती. म्हणजे डोळ्यापासून दोन लोपबिंदूंकडे जाणाऱ्या रेघाही एकमेकींना काटकोनात. वरून बघितल्यासारखा नकाशा डोळ्यांसमोर आण: दोन लोपबिंदू जोडणारी रेघ हा व्यास, आणि डोळा त्यावरच्या अर्धवर्तुळावर कुठेतरी. अर्धवर्तुळात आंतरलिखित कोन काटकोन असतो, हे तू पाठ केलं होतंस. त्याच्या जोडीला भूमितीमध्याचं प्रमेय होतं, त्याचा उपयोग इथे होतो. मध्यापासून डाव्या बिंदूचं अंतर गुणिले उजव्याचं अंतर, त्याचं वर्गमूळ काढलं की डोळ्याचं चित्रापासूनचं अंतर मिळतं.

तुझ्या चित्रात १५०० गुणिले १८०० म्हणजे २७ लाख. वर्गमूळ साधारण १६४३. तुझा प्रेक्षक ३६०० पिक्सेल रुंदीच्या चित्रापासून १६४३ पिक्सेलवर उभा आहे, म्हणजे अर्ध्या रुंदीपेक्षाही जवळ. नाक जवळजवळ काचेला लावून.

हे पिक्सेल डोक्यात बसत नसतील तर कॅमेऱ्याच्या भाषेत आण. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. तुझा कॅनव्हास ३६०० पिक्सेलचा. म्हणजे पिक्सेलला शंभराने भागलं की थेट लेन्स मिळते. १६४३ म्हणजे १६ मिमीची लेन्स, आडवा आवाका सुमारे ९५ अंश. अशा लेन्सने चाळीचा कोपरा टिपला तर तो नाळेसारखाच येणार. चित्र चुकीचं नाही, पण तू १६ मिमीची लेन्स लावली आहेस हे तुला माहीतच नव्हतं. (मी स्वतः सगळे कॅनव्हास ३६०० रुंदच घेतो, केवळ या सोयीसाठी. छापायला मोठं लागलं तर शेवटी बघता येतं.)

तुलनेला काही आकडे. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २८ मिमीच्या आसपासचा असतो. जुन्या पुस्तकांत जो ६० अंशांच्या दृष्टिशंकूचा, म्हणजे डोळ्याच्या आवाक्याचा, नियम सांगतात, तो आपल्या हिशोबात ३१ मिमी होतो. रस्त्यावरच्या साध्या दृश्याला मी ३५ धरतो. माणसांच्या संवादाच्या चौकटींना ५०. १६ मिमी कधी वापरायचीच नाही असं नाही. मुलगा जिन्यावरून घसरतो त्या क्षणाला वापर, पण ठरवून.

३५ धरली तर डोळा ३५०० पिक्सेलवर. चाळीचा कोपरा बरोबर ४५ अंशात वळलेला असेल तर दोन्ही लोपबिंदू मध्यापासून ३५०० वर, म्हणजे दोन्ही कॅनव्हासच्या बाहेर. पण ४५ अंश हा कंटाळवाणा कोन आहे, दोन्ही भिंती सारख्याच महत्त्वाच्या होतात आणि डोळा कोपऱ्यावरच अडकतो. दर्शनी भिंत जास्त समोर यायला हवी असेल तर ३० आणि ६० अंशांची वाटणी घे. मग एक लोपबिंदू येतो २०२१ वर आणि दुसरा ६०६२ वर. जवळचा बिंदू कॅनव्हासच्या कडेपासून जेमतेम सव्वादोनशे पिक्सेल बाहेर, आणि लांबचा मध्यापासून पावणेदोन रुंदीला थोडा कमी. गुणाकार करून बघ, पुन्हा ३५०० चा वर्ग येईल. लांबचा बिंदू दर्शनी भिंतीचा आणि जवळचा बोळात शिरणाऱ्या भिंतीचा, हे मात्र उलटं करू नकोस.

आकडेमोड नको असेल तर एक हातचलाखी आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते. वेगळ्या कॅनव्हासवर सगळं एक दशांश मापाने काढ. ३६० पिक्सेलची आडवी रेघ म्हणजे वरून दिसणारं तुझं चित्र. तीच रेघ दोन्ही बाजूंना लांबवर वाढव. तिच्या मध्यापासून खाली ३५० पिक्सेलवर एक टिंब, तो डोळा. आता वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, अधिकचं एक मोठं चिन्ह काढ, चारही हात सारख्या लांबीचे, मध्य बरोबर डोळ्यावर. तो लेयर ट्रान्सफॉर्मने फिरव. चिन्ह समतोल असल्यामुळे ते स्वतःच्या मध्याभोवतीच फिरतं. वरचे दोन हात आडव्या रेघेला जिथे कापतात ते तुझे लोपबिंदू. फिरवत राहिलं की एक बिंदू आत येताना दुसरा कसा पळत सुटतो ते दिसतं. पंधरा मिनिटं हे खेळलास तर एवढ्या आकडेमोडीने जे कळलं नसेल ते कळेल.

मग मूळ फाइलमध्ये ये, झूम आउट कर आणि असिस्टंटचे बिंदू कॅनव्हासच्या बाहेर नेऊन ठेव. क्रिता ते करू देतं, आयपॅडवरच्या प्रोक्रिएटमध्येही कॅनव्हास लहान करून बाहेर टॅप केलं की बिंदू तिथे बसतो. शेपन्नास पिक्सेल इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. क्लिप स्टुडिओ वापरणाऱ्यांनी ‘फिक्स आय लेव्हल’ चालू ठेवावं, नाहीतर एक बिंदू ओढताना क्षितिजरेषा तिरकी होते आणि ते दोन दिवसांनी लक्षात येतं.

एक सापळा सांगून पुढे जातो. हा सगळा हिशोब ‘मध्यापासून’ आहे आणि मध्य म्हणजे कॅमेऱ्याच्या नजरेचा मध्य. फोनवरचा फोटो आधी कापलास आणि मग त्यावर रेघा मारून लोपबिंदू शोधलेस तर मध्य सरकलेला असतो. अभ्यासाला फोटो घ्यायचे तर न कापलेले घे.

आता गॅलरी, म्हणजे खरी गंमत. इथे एकच लोपबिंदू आहे, समोर, गॅलरीच्या टोकाला. तू तो नीट लावलास. मग दारं काढताना पहिलं मोठं काढलंस आणि पुढचं प्रत्येक दार साधारण सारख्याच मापाने घटवत गेलास, नजरेने. इथेच सॉफ्टवेअर हात वर करतं. रूलर तुला रेघ कुठल्या दिशेला जाते ते सांगतो. त्या रेघेवर पुढचं दार किती अंतरावर येईल हे तो सांगत नाही. ‘मी रूलर लावला आहे’ या भरवशावर आपण नेमकी हीच गोष्ट अंदाजाने करतो, आणि बाकी सगळं काटेकोर असल्यामुळे हा अंदाज जास्तच उघडा पडतो. हाताने काढलेल्या स्केचमध्ये हेच चुकलेलं खपून जातं.

खोली मोजायला एक मोजपट्टी लागते, आणि ती येते बघणाऱ्याच्या उंचीतून. म्हणून पुन्हा तोच प्रश्न: बघतोय कोण? तुझ्या गोष्टीत मुलगा बघतोय. नऊ वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर धरू. तुझा कॅनव्हास २४०० उंच आहे आणि क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची, तू सवयीने मधोमध ठेवली आहेस, म्हणजे खालच्या कडेपासून १२०० वर. ठीक आहे, राहू दे तिथेच. खालची कड जमिनीला टेकते असं धरलं तर १२०० पिक्सेल म्हणजे १.२ मीटर, १००० पिक्सेल म्हणजे एक मीटर. झाली मोजपट्टी. मोठ्या माणसाच्या नजरेने काढायचं असतं तर तेच १२०० पिक्सेल दीड मीटरचे झाले असते आणि सगळी मापं बदलली असती.

लेन्स ३५ च ठेवू. डोळा ३५०० पिक्सेलवर म्हणजे साडेतीन मीटरवर. आता क्षितिजरेषेवर लोपबिंदूच्या डावीकडे ३५०० पिक्सेलवर आणखी एक बिंदू ठेव. तो ४५ अंशांच्या रेघांचा लोपबिंदू, जुनी मंडळी त्याला अंतरबिंदू म्हणायची. जमिनीवरच्या चौकोनी फरशीचा कर्ण इथे येऊन मिळतो, आणि चौरसाचा कर्ण म्हणजे ‘जेवढं आडवं तेवढंच आत’, एवढंच सूत्र आपल्याला हवं आहे.

दारांची भिंत डावीकडे आहे. भिंत जमिनीला मिळते ती रेघ खालच्या कडेला जिथे टेकते तिथून सुरू कर. त्या जागेपासून उजवीकडे खालच्या कडेवर खुणा कर. दोन दारांमधलं अंतर तीन मीटर धरलं तर दर ३००० पिक्सेलवर एक खूण. खुणा कॅनव्हासच्या बाहेर जातील, जाऊ देत. प्रत्येक खुणेपासून डावीकडच्या अंतरबिंदूला रेघ जोड. ती रेघ भिंतीच्या पायथ्याची रेघ जिथे कापेल तिथे पुढचं दार. खुणा आणि अंतरबिंदू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला हवेत, एवढं लक्षात ठेव.

निकाल आकड्यांत बघ. दार दोन मीटर उंच. चित्राच्या कडेवरचं पहिलं दार २००० पिक्सेल, त्यापुढचं १०७७, मग ७३७, मग ५६०, मग ४५२. पहिल्या उडीतच दार जवळजवळ निम्मं झालं. ९२३ पिक्सेल गेले. दुसऱ्या उडीत ३४०, तिसऱ्यात १७७, चौथ्यात १०८. तुझ्या चित्रात पहिल्या उडीत तू चारशे घटवले आहेस आणि नंतर जवळपास तेवढेच घटवत गेलास. म्हणून पहिली दोन दारं एकमेकांना खेटलेली आणि पुढची विनाकारण लांब लांब. गॅलरी ताणल्यासारखी वाटते ती यामुळे. कडेच्या दारापुढचं दार निम्मं होणं हे हाताला पटतच नाही, मलाही पटत नव्हतं. पण गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या गॅलरीत उभा राहा, एक डोळा मीट, पेन्सिल हात ताणून धर आणि मोज.

एकदा दोन दारं बसली की प्रत्येकासाठी हा सगळा खटाटोप करायची गरज नाही. कठड्याचे खांब, छताचे वासे, लोकलच्या डब्यातल्या धरायच्या कड्या, असं जे जे सारख्या अंतरावर येतं त्यासाठी कर्णाची युक्ती पुरते. पहिला खांब आणि दुसरा खांब काढ. दुसऱ्याच्या उंचीचा मध्य काढ. पहिल्या खांबाच्या डोक्यापासून त्या मध्यातून रेघ ने. ती जमिनीच्या रेघेला जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. चौथ्यासाठी दुसऱ्याच्या डोक्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून, असं पुढे. पण बघ, पहिलं अंतर इथेही तुलाच द्यावं लागतं. ते चुकलं तर पुढची सगळी रांग एकमेकांशी इमानदारीने जुळत चुकते.

दुकानाच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, फरशीची नक्षी यांना मी कधीच रूलरवर काढत नाही. वेगळ्या लेयरवर सपाट, समोरून काढतो, देवनागरी अक्षरांची वळणं तिरकस काढताना मरतात म्हणून तर मुद्दाम, आणि मग ट्रान्सफॉर्मच्या पर्स्पेक्टिव्ह पर्यायाने चारही कोपरे जागेवर ओढतो. कोपरे बरोबर असतील तर आतली घट सॉफ्टवेअर आपोआप नीट करतं. कोपरे चुकीचे असतील तरीही ते तितक्याच आनंदाने ताणून देतं.

कठडा. हा मुद्दा मला फार आवडतो. चाळीचा कठडा साधारण एक मीटर उंच. मुलाचे डोळे १.२ वर. म्हणजे कठड्याची वरची रेघ क्षितिजरेषेच्या अगदी खालून, जवळजवळ तिला चिकटून धावते. चित्राच्या कडेवर फक्त २०० पिक्सेल खाली आणि पुढच्या दारापाशी १०८. मुलाला कठड्यावरून जेमतेम पलीकडचं दिसतं. अंगणात काय चाललंय ते बघायला त्याला टाचा उंचवाव्या लागणार. तुझ्या चित्रात कठडा फार खाली आहे, त्यामुळे नजर मुलाची राहिलीच नाही, कोणीतरी काका गॅलरीत उभे राहून बघतायत असं झालं. तू लेखनात जे सांगू पाहतोयस ते इथे एका रेघेच्या उंचीत सांगून होतं.

सॉफ्टवेअरच्या वापराबद्दल दोनचार गोष्टी, कारण तू विचारलंस. क्रितात ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये ‘स्नॅप टू असिस्टंट्स’ असतं, ते हातातली रेघ असिस्टंटवर ओढून घेतं, आणि त्याखाली किती जोराने ओढायचं त्याचा, म्हणजे मॅग्नेटिझमचा आकडा. तो १०० वर ठेवून शेवटच्या रेघा मारू नकोस. बांधकामाच्या लेयरवर १०० ठेव, हवं तर निळ्या रंगात. मग त्यावर नवा लेयर घेऊन स्नॅप बंद कर आणि मोकळ्या हाताने काढ. चाळीच्या लाकडी वाशाची रेघ यंत्राने कापल्यासारखी असूच शकत नाही. क्लिप स्टुडिओत हेच कंट्रोल आणि २ दाबून स्नॅप चालूबंद करता येतं, मी दिवसातून शंभर वेळा दाबतो. प्रोक्रिएटमध्ये ड्रॉइंग असिस्ट लेयरवर लावायचा असतो आणि तो प्रत्येक रेघेला कुठल्यातरी ठरलेल्या दिशेला ओढतोच. कपडे वाळत घातलेल्या झोळदार दोऱ्यासुद्धा सरळ करून टाकतो. त्यासाठी साधा लेयर वेगळा.

थ्रीडी वापरलं तर फसवणूक होते का, असंही विचारलं आहेस. नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चार ठोकळे ठेवून कॅमेरा लावला तर हे सगळे आकडे क्षणात मिळतात, आणि आपला हिशोब तपासायला ते उत्तम आहे. त्याचा कॅमेराही ३६ मिमीच्या सेन्सरवरच सुरू होतो, लेन्स ५० ची असते. पण मी जे शिकाऊ बघतो ते कॅमेरा आला तसा ठेवतात, उंची कशीतरी, लेन्स आली ती, आणि मग वरून गिरवतात. म्हणजे टाचण्या टोचण्याच्या जागी ठोकळे आले, एवढाच फरक. कॅमेऱ्याची उंची १.२ टाकायची हे तुला आधी माहीत असेल तर खुशाल वापर.

तुझी पुढची चौकट कोकणातल्या आजोळची, पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरणारी, असं लिहिलं आहेस. तिथे नक्की अडखळशील म्हणून आत्ताच सांगतो. उताराच्या रेघांचा लोपबिंदू क्षितिजरेषेवर नसतो. उतरत्या वाटेचा तो क्षितिजाच्या बिंदूच्या बरोबर खाली असतो आणि चढत्या वाटेचा बरोबर वर, उभ्या रेघेत. वाट सरळ समोर जात असेल आणि उतार २० अंशांचा असेल तर आपल्या मापात तो १२७४ पिक्सेल खाली येईल. पण जांभ्याच्या पायऱ्यांची वरची पातळी सपाटच असते, तिच्या रेघा क्षितिजावरच्याच बिंदूला जातात. फक्त पायऱ्यांच्या कडा जोडणारी काल्पनिक रेघ आणि पायऱ्यांना समांतर उतरणारा गडगा (दगडी कुंपण) खालच्या बिंदूला जातो. क्रितात त्यासाठी आणखी एक लोपबिंदूचा असिस्टंट ठेवायचा, बस. आणि वाटेवर पुढे गेलेली माणसं क्षितिजरेषेच्या खाली बुडत जातात, ती बुडू दे. लोक सवयीने सगळ्यांची डोकी एका रेघेत ठेवतात आणि उतार नाहीसा होतो.

तीन लोपबिंदूंच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. चाळ तीन मजली आहे, मुलगा रस्त्यावरून मान वर करून बघत नसेल तर उभ्या रेघा उभ्याच ठेव. कधी लागलंच तर तपासणी सोपी आहे: तीन बिंदूंच्या त्रिकोणाचा शिरोलंबसंपात चित्राच्या मध्यावर यायला हवा.

तांब्या-घागरींबद्दल एकच. लंबवर्तुळ आधी काढून मग भांडं त्यात बसवू नकोस. आधी पर्स्पेक्टिव्हमध्ये चौरस काढ आणि त्याच्या चारही बाजूंच्या मध्यांना स्पर्श करणारं लंबवर्तुळ बसव. डोळ्याच्या पातळीला ते मिटून रेघ होतं आणि खाली जाऊ तसं उघडतं. मुलाच्या नजरेला जमिनीवरच्या हंड्याचं तोंड दिसेल, पण ओट्यावरच्या तांब्याचं जेमतेमच.

पेन्सिलीचं म्हणशील तर, हो, घे. पण इंटरमिजिएटची भूमितीची वही पुन्हा पूर्ण करायला नको. रोज घरातल्या एकाच खोलीचं एक लहान चित्र काढ, पोस्टकार्डाएवढं, पट्टीशिवाय, दहा मिनिटांत. एक दिवस जमिनीवर मांडी घालून, एक दिवस उभं राहून, एक दिवस स्टुलावर चढून. क्षितिजरेषा म्हणजे आपल्याच डोळ्यांची उंची, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मांडी घातल्यावर टेबलाचा खालचा भाग दिसायला लागतो तेव्हा ते पहिल्यांदा खरं होतं. आणि सगळीच चित्रं अशी असायला हवीत असंही नाही. वारलीतला तारपा नाच बघ: नाचणाऱ्यांचा वळसा वरून बघितल्यासारखा, माणसं मात्र बाजूने. तिथे बघणारा एका जागी बांधलेलाच नाही, आणि चित्राचं त्याने काही अडत नाही. तुझ्या कॉमिक्समध्ये मुलाच्या स्वप्नाचं पान आहे ना, तिथे रूलर लावूच नकोस.

दोन्ही चित्रं पहिल्यापासून काढायची गरज नाही. कोपऱ्याच्या चित्रात लोपबिंदू हलवले की भिंती पुन्हा ओढाव्या लागतील, पण खिडक्यांचं काम आणि पाट्या ट्रान्सफॉर्म करून वाचतील. गॅलरीत दारांच्या जागा बदल, कठडा वर घे.

आणि आजी. ती तिसऱ्या दारात उभी आहे आणि क्षितिजरेषा तिच्या कमरेतून जाते. रेषा १.२ मीटरवर आहे आणि कमर शरीराच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे तुझी आजी २.४ मीटरची आहे, जवळजवळ आठ फूट. दीड मीटरच्या आजीच्या बाबतीत ती रेषा खांद्यातून जायला हवी, मग ती गॅलरीत कुठेही उभी असो. तिसऱ्या दारात तिची उंची होते साधारण ५५३ पिक्सेल, त्यातले १११ रेषेच्या वर आणि उरलेले खाली. तिला आधी लहान कर, मग बाकीचं.